रान रिकामे नव्हते: योसेमिटीचा माहितीपट आणि खडकवासल्याचे पाणी

१/
केन बर्न्स यांनी दिग्दर्शित केलेली आणि डेटन डंकन यांनी लिहिलेली ‘द नॅशनल पार्क्स: अमेरिकाज बेस्ट आयडिया’ ही सहा भागांची माहितीपट-मालिका २७ सप्टेंबर २००९ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. एकूण अवधी सुमारे बारा तास. मराठी घरांतही तिचे चाहते आहेत. मुलांकडे अमेरिकेला जाऊन यलोस्टोन पाहून आलेल्या पिढीत तर विशेष. मालिका संपली की या घरांत एक वाक्य हमखास उच्चारले जाते: “त्यांनी निसर्ग राखला, आपल्याकडे खडकवासल्याची चौपाटी झाली.” हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे. मालिकेविरुद्ध नाही.

२/
मालिका पाहण्यातला आनंद खोटा ठरवण्याचे काहीच कारण नाही. संथ फिरणारा कॅमेरा, पिवळटलेली छायाचित्रे, जुन्या पत्रांचे वाचन, पीटर कोयोटी यांचे निवेदन, आणि या सर्वांवर शेल्टन जॉन्सन नावाचा योसेमिटीचा वनरक्षक. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीय घोडदळाने या उद्यानांचे रक्षण केले, हा विस्मरणात गेलेला इतिहास जॉन्सन यांनी कागदपत्रांतून वर काढला. ते बोलू लागले की पडद्यावरचे पर्वतही मागे सरकतात. लोकशाही राष्ट्राने आपली सर्वांत देखणी भूमी राजासाठी वा धनिकासाठी न राखता सर्वांसाठी राखावी, हा विचार मोठाच आहे. मालिकेच्या शीर्षकातले ‘सर्वोत्तम कल्पना’ हे विशेषण लेखक वॉलेस स्टेग्नर यांच्याकडून आले आहे, आणि त्याला आधार आहे.

३/
प्रश्न वेगळा आहे. ‘राखली’ म्हणजे कोणापासून राखली? आणि राखण्यापूर्वी तिथे कोण होते?

४/
मालिकेचा पहिला भाग १८५१ पासून सुरू होतो. हे साल योगायोगाने निवडलेले नाही. त्या वर्षी मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी योसेमिटीच्या दरीत उतरली. निसर्गशोभा पाहण्यासाठी नव्हे, तर तिथल्या अवाहनीची लोकांना हुसकून काढण्यासाठी. त्यांचा प्रमुख तेनाया. गावे जाळली गेली, हिवाळ्यासाठी साठवलेली ओकची फळे जाळली गेली. १३ वर्षांनी, ३० जून १८६४ रोजी, अब्राहम लिंकन यांनी हीच दरी सार्वजनिक उपभोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केली. मालिका हे लपवत नाही. पण सांगून झाल्यावर ती पुढे जॉन म्यूर यांच्या पावलांमागे निघून जाते, आणि प्रेक्षकही तिच्यासोबत जातो. मनात उरतो तो धबधबा.

५/
म्यूर यांनी ज्या कुरणांना आणि विरळ ओकवनांना देवाचे उद्यान मानले, ती बरीचशी माणसांनी घडवलेली होती. अवाहनीची लोक ठरावीक काळाने गवत जाळीत. त्यामुळे ओकची झाडे टिकत, दरी मोकळी राही. जाळणे बंद झाल्यावर सूचिपर्णी झाडांनी कुरणे गिळली. ज्यांना माळ्याचा मान मिळायला हवा होता त्यांना अतिक्रमणकर्ते ठरवले गेले.

६/
आणि ते सगळे निघूनही गेले नव्हते. कित्येक परतले, हॉटेलांत कपडे धुऊ लागले, लाकडे फोडू लागले, टोपल्या विणून विकू लागले. १९१६ पासून १९२९ पर्यंत उद्यानात ‘इंडियन फील्ड डेज’ नावाचा सोहळा भरे, त्यात त्यांना दूरच्या मैदानी जमातींचा पोशाख घालून मिरवावे लागे, कारण पर्यटकांच्या कल्पनेतला ‘इंडियन’ तसा होता. दरीतल्या त्यांच्या शेवटच्या वस्तीतील उरलीसुरली घरे उद्यान प्रशासनाने १९६९ मध्ये जमीनदोस्त केली. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष.

७/
यलोस्टोनचेही तेच. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जन्माला आले. तिथे डोंगरी मेंढ्यांची शिकार करून राहणारे तुकुदिका शोशोनी लोक पुढच्या काही वर्षांत बाहेरच्या राखीव वस्त्यांत ढकलले गेले. पर्यटकांना सांगण्यासाठी एक गोष्ट रुजवण्यात आली: इंडियन लोक उकळत्या पाण्याच्या फवाऱ्यांना भितात, म्हणून इकडे फिरकतच नाहीत. जे हजारो वर्षे तिथे होते, त्यांना तिथे येण्याची भीती वाटत होती म्हणे.

८/
आता १८७२ या सालावर बोट ठेवून पुण्याकडे यावे.

त्या वर्षी पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या पायथ्याच्या अलीकडे, मुठा नदीवर दगडी बांधकामाचे एक प्रचंड धरण उभे राहत होते. लष्करी अभियंते कर्नल फाइफ यांनी १८६० च्या दशकात त्याची मोजणी केली, १८७० च्या दशकात काम तडीस गेले, आणि मागे साठलेल्या पाण्याला ‘लेक फाइफ’ हे नाव मिळाले. पुणे आणि खडकी येथील छावण्यांना पाणी, शहराला पाणी, आणि पुण्याच्या पूर्वेकडच्या अवर्षणप्रवण मुलखाला कालवा, असा तिहेरी हेतू. तोवर शहराची भिस्त होती ती पेशवाईत कात्रजहून आणलेल्या नळांवर, आडांवर आणि नदीवर.

९/
म्हणजे ज्याला पुणेकर ‘खडकवासल्याचा निसर्ग’ म्हणतात, ते दीडशे वर्षांचे एक यंत्र आहे. दगड, चुना, दरवाजे आणि कालवे यांचे. त्याच्या काठावर सूर्यास्त सुंदर दिसतो, ही त्या यंत्राची एक आनुषंगिक देणगी. योसेमिटीत माणसाचे काम निसर्ग म्हणून खपवले गेले. खडकवासल्यातही तेच घडले. ‘त्यांनी राखला, आम्ही बिघडवला’ या वाक्याचा अर्धा भाग इथेच निकालात निघतो. बिघडवण्यासाठी आधी तो तलाव ‘निसर्ग’ असायला हवा होता.

१०/
उरलेल्या अर्ध्या भागासाठी एका माणसाची साक्ष पुरेशी आहे. धरणाच्या कामाला बांधकामाचे साहित्य पुरवणाऱ्या ठेकेदारांमध्ये चरित्रकार ज्यांचे नाव घेतात, ते जोतीराव फुले.

जोतीरावांना धरण नको होते असे मुळीच नाही. मांजरीला त्यांची शेती होती. कालव्याच्या पाण्याचे मोल त्यांना बहुतेक विद्वानांपेक्षा अधिक कळत होते. पण १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पाटबंधारे खात्यातल्या अंमलदारांना जे सुनावले आहे, ते आजही झोंबेल: पट्टी वेळेवर वसूल होते, पाणी मात्र वेळेवर मिळेल याची हमी कोणी घेत नाही.

११/
त्याच ग्रंथात ते जंगलखात्याकडे वळतात. हा भाग मराठी पर्यावरण-चर्चेत क्वचितच वाचला जातो, आणि तो न वाचता यलोस्टोनवर बोलणे म्हणजे अर्धे पुस्तक फाडून उरलेल्यावर परीक्षण लिहिणे.

फुल्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पूर्वी तुटपुंज्या जमिनीचा शेतकरी शेतात भागले नाही तर रानाचा आधार घेई. रानफळे खाई, पाने-फुले, सरपण गोळा करून विके, गावच्या गायरानावर एखादी गाय, दोन शेळ्या पाळी आणि गावातच तग धरी. सरकारने जंगलखाते उभारले आणि डोंगर, दऱ्या, गायराने, पडीक जमीन सगळे त्यात ओढून घेतले; शेळीला रानचा वारा खायलाही जागा उरली नाही. उपाय म्हणून ते सौम्य सुधारणा सुचवत नाहीत. गायराने परत करा आणि हे जुलमी खाते मोडीत काढा, अशी त्यांची मागणी आहे.

१२/
सनावळी पाहावी. यलोस्टोन १८७२. भारतीय वन कायदा, ज्याने ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ जंगलांची वर्गवारी पक्की केली, १८७८. लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. ‘असूड’ या दोहोंच्या मध्ये, १८८३. जगाच्या दोन टोकांना एकाच दशकात एकच कारभार चालू होता: जमिनीभोवती रेघ ओढायची, रेघेच्या आतल्या माणसाला गुन्हेगार करायचे, आणि रेघेला लोकहित म्हणायचे. तिकडे रेघेच्या आत पर्यटक आला, इकडे सागाचा लिलाव आला. हा फरक खरा आणि महत्त्वाचाही आहे. पण रेघेबाहेर गेलेल्या माणसाला त्या फरकाचे काय सुख?

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा त्याआधी दोनच महिने, १ ऑक्टोबरला झाला होता. यातून काही सिद्ध होत नाही. पण ‘पर्यावरणाचा विचार पश्चिमेत जन्मला आणि पुढे शतकभराने इकडे आला’ असे सांगणाऱ्यांनी ही दोन सालेही शेजारी ठेवून पाहावीत.

१३/
मालिकेचा दुसरा भाग मराठी प्रेक्षकाने दोनदा पाहावा. त्यात हेच हेचीची कहाणी आहे.

योसेमिटी उद्यानाच्या आतच, तुओलमी नदीवर, हेच हेची नावाची दुसरी दरी होती. नाव मिवोक भाषेतले; खाण्याजोगे बी देणाऱ्या एका गवतावरून आलेले. सॅन फ्रान्सिस्को शहराला तिथे धरण हवे होते. १९०६ च्या भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या आगीने शहर बेचिराख झाले, तेव्हा पाण्याच्या मागणीला एक नैतिक धारही आली. म्यूर विरुद्ध उभे राहिले. वनखात्याचे अध्वर्यू गिफर्ड पिंचो शहराच्या बाजूने. अखेर रेकर कायद्यावर विल्सन यांनी १९ डिसेंबर १९१३ रोजी सही केली. म्यूर वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी वारले. १९२३ मध्ये धरण पुरे झाले आणि दरी पाण्याखाली गेली.

१४/
या पराभवातून अमेरिकेने काही कमावले. राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र सेवा १९१६ मध्ये स्थापन झाली, तिच्यामागच्या प्रेरणांत हेच हेचीचा सल होता. रेकर कायद्यातही अटी होत्या: तिथले पाणी आणि वीज शहराने खासगी कंपनीला पुढे विकण्यासाठी द्यायची नाही, दरीच्या वापराबद्दल शहराने केंद्राला दरसाल भाडे द्यायचे. ते आज वर्षाला ३० हजार डॉलर आहे. कोट्यवधींच्या पाण्यापुढे ही रक्कम हास्यास्पद असली, तरी भाडे आहे म्हणजे जागा दुसऱ्याची आहे, हे कागदावर तरी मान्य झाले.

१५/
याच दशकात मुठेच्या शेजारच्या खोऱ्यात काय चालले होते?

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतले. वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे आणि भाताची खाचरे बुडणार होती. सरकारने एका खासगी कंपनीसाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाच्या जागी ठिय्या दिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला. स्त्रिया तुरुंगात गेल्या. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झाले.

१६/
हेच हेचीत वाद झाला तो सौंदर्यासाठी: ही दरी मंदिर आहे, मंदिरात पाण्याची टाकी कोणी बांधतो का? मुळशीत वाद झाला तो घरासाठी आणि खाचरासाठी. तिकडच्या वादात मूळ रहिवासी आधीच चित्रातून पुसले गेले होते, म्हणून तो वाद शुद्ध ‘निसर्गा’चा होऊ शकला. इकडे रहिवासीच समोर उभे होते.

आणि इकडचा वाद पुण्याच्या अंगणातला असूनही पुण्याने तो पुरता लढला नाही. मुळशीतल्या पुष्कळ जमिनींवर शहरी सावकारांची मालकी चढलेली होती. त्यांना रोख मोबदल्यात रस होता. कसणाऱ्या मावळ्याला जमिनीत. राजेंद्र व्होरा यांनी हा हितसंबंधांचा फाटा कागदपत्रांनिशी उलगडला आहे. मुळशीला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हणणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्न्स यांची मालिका आली त्याच वर्षी.

१७/
इथे मालिकेच्या बाजूने एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. अमेरिकेने आपल्या हरलेल्या बाजूला पडदा दिला. म्यूर हरले, दरी बुडाली, तरी त्या पराभवाला राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर कित्येक मिनिटांचा शोकवेळ मिळाला. पुढे २०२० मध्ये म्यूर यांनीच स्थापन केलेल्या सिएरा क्लबने त्यांच्या वंशवादी लेखनाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. देवत्व दिलेल्या माणसालाही तपासता येते, हे त्या समाजाने दाखवले. मराठी प्रेक्षकाने अमेरिकेकडून घ्यायचे असेल तर हे घ्यावे. तो घेतो मात्र कुंपण आणि प्रवेशशुल्क.

१८/
खडकवासल्याच्या भूमीवर कथांची वानवा आहे असे नाही. १९१६ मध्ये, अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवा जन्मली त्याच वर्षी, मुंबई इलाख्याने सिंचनाच्या अभ्यासासाठी एक छोटा कक्ष उघडला. तीच पुढे खडकवासल्यात स्थिरावलेली केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळा. देशभरातल्या धरणांची, बंदरांची, नद्यांची प्रतिरूपे जिथे आवारात मांडून पाण्याचे वागणे तपासले जाते.

तलावाच्या उत्तरेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. ७ हजारांहून अधिक एकरांचा परिसर, तेव्हाच्या मुंबई राज्याने दिलेला. छात्रांच्या नौकानयनाच्या जागेचे नाव ‘पीकॉक बे’, आणि मोर तिथे खरोखरच आहेत. सिंहगडावरून खाली पाहणाऱ्याला तलावाच्या त्या बाजूचे गर्द रान दिसते आणि तो सुखावतो. ते रान गर्द आहे याचे एक मोठे कारण म्हणजे पाऊण शतक तिथे कोणाची शेळी गेली नाही, कोणी सरपणाला गेले नाही. हा आरोप नव्हे. देशाला सैन्याधिकारी लागतात. पण कुंपणाआडच्या हिरवाईला ‘मूळ निसर्ग’ म्हणायचे आणि कुंपणाबाहेरच्या उघड्या टेकड्यांबद्दल गावकऱ्यांना बेपर्वा म्हणायचे, हा हिशेब सरळ नाही.

१९/
वरच्या अंगाला पानशेत. १२ जुलै १९६१ या तारखेविषयी पुण्यात लिहिले-बोलले गेले आहे ते शहराच्या बाजूने: आंबी नदीवरचे अपुरे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी भिंतही टिकली नाही, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. हे स्मरण योग्यच आहे. शहरात जुन्या भिंतींवर पूररेषेच्या खुणा राहिल्या, दर जुलैत आठवणींचे लेख येतात.

पण पानशेतने दोनदा माणसे उठवली. शहरातली माणसे एका सकाळी उठवली गेली, तीही बहुतांशी परतली वा शहरातच नव्या वसाहतींत स्थिरावली. खोऱ्यातली गावे त्याआधीच, धरणासाठी, कायमची उठली होती. पुढे वरसगावसाठी आणखी उठली. कित्येकांना दौंडच्या बाजूला, ज्या कालव्यासाठी त्यांचे खोरे बुडाले त्याच कालव्याच्या मुलखात जमिनी देण्यात आल्या. नाचणी-भाताच्या डोंगरी शेतकऱ्याने काळ्या सपाट मातीत ऊस लावायला शिकायचे होते. पहिल्या उठण्याला पुण्यात ‘पानशेतचा पूर’ हे नाव आहे. दुसऱ्याला नाव नाही.

२०/
वरसगावच्या पाण्याकाठी पुढे लवासा उभी राहिली. निसर्गाच्या कुशीतले शहर, अशी तिची जाहिरात. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा इमारती उभ्या राहून चुकल्या होत्या. गावकऱ्याला पाण्याकाठी राहू न देणारे लोकहित, सदनिका घेणाऱ्याला मात्र काठावरच बाल्कनी देते. याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

२१/
“मग काय ताडोबा मोडायचा? वाघाला माणसाच्या स्वाधीन करायचे?” हा प्रश्न येणार, आणि तो वाजवी आहे.

ताडोबा हे १९५५ पासूनचे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान. ते राहिले पाहिजे. पण त्याचे नावच गोंडांच्या देवाचे आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख लोकांनी देव केला आणि तळ्याकाठी त्याचे ठाणे मांडले, अशी तिथली कथा. ज्या समाजाने वाघाकडून मेलेल्याला देव केले आणि तरीही वाघ संपवला नाही, त्या समाजाला वाघ राखण्याचे धडे शहराने द्यावेत, ही कल्पना उद्धट आहे. गाभ्यातली नवेगाव, जामणी, बोटेझरी ही गावे बाहेर वसवली गेली. कोणाला रस्ता-दवाखाना जवळ आल्याचे समाधान असेल, कोणाला नसेल. जिप्सीतून वाघ पाहून परतणाऱ्या किती जणांना या तीन गावांची नावे ठाऊक असतात?

२२/
रेघ ओढणे हाच राखण्याचा एकमेव मार्ग नव्हता, याचा पुरावा खडकवासल्याच्या धरणसाखळीभोवतीच आहे. वेल्हे-मुळशीच्या डोंगरांत देवराया आहेत. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हा उघड्या पडलेल्या डोंगरांत ही जुनी झाडी तगून असल्याचे त्यांना आढळले. कुंपण नाही, तिकीट नाही. गावाचा नियम आणि देवाचा धाक.

देवराईचेही उदात्तीकरण नको. धाक म्हणजे धाकच; गावात ज्याचा शब्द चाले त्याचाच नियम देवाच्या तोंडी घातला जाई, आणि देवराईच्या काही भागांत स्त्रियांना मज्जाव असे. पण राखणारा आणि वापरणारा हे दोघे तिथे एकाच गावात राहत. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये अमेरिकी ‘निर्मनुष्य रान’ या कल्पनेवर जी टीका केली, तिचा रोख हाच होता: ज्या देशात रानात माणसे राहतात तिथे ही कल्पना जशीच्या तशी आणली, तर ती गरिबाकडून काढून श्रीमंताला देते.

२३/
तेव्हा पुन्हा त्या चौपाटीकडे. रविवारी संध्याकाळी धरणाच्या भिंतीपलीकडे भाजलेली कणसे, कांदाभजी, चहा, आणि सिंहगड रस्त्यावर मैलभर अडकलेल्या गाड्या. कचरा आहे, आणि तो पिण्याच्या पाण्याच्या काठावर आहे. त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण गाडीतून उतरून कणीस खाणारा, गाडीत बसून विक्रेत्यांना हाकलण्याची मागणी करतो, आणि घरी जाऊन योसेमिटीचा तिसरा भाग लावतो, तेव्हा तो नेमके १८५१ चे काम करीत असतो, फक्त बंदुकीशिवाय. हातगाडीवरची बाई ज्या डोंगरातून खाली येते, त्याच डोंगरात पडलेला पाऊस त्याच्या नळाला येतो.

२४/
दरीला भाडे लावणारा कायदा अमेरिकेने १९१३ मध्ये केला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी पुणे शहर दररोज पिते. वरच्या खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांना त्यापोटी शहर दरसाल काय देते, हा प्रश्न पाण्याच्या चर्चेत यायला हवा. दौंड-इंदापूरचा शेतकरी आणि पुणेकर यांच्यात कोणाला किती टीएमसी, यावर वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात रकाने भरतात. खोरे त्या भांडणात पक्षकारही नाही.

२५/
बर्न्स यांच्या धर्तीवर मराठीत मालिका व्हावी असे कोणाला वाटत असेल, तर साहित्य तयार आहे. फाइफची मोजणी आणि पुणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर, फुल्यांचा असूड, वन आयोगाचे कागद, व्होरांचे मुळशीवरचे संशोधन, संशोधन शाळेतली प्रतिरूपे, भूसंपादनाच्या नोंदी. एकच साधन संपत चालले आहे. पानशेत धरणाचे काम सुरू असताना घर उतरवून निघालेली, तेव्हा विशीत असलेली माणसे आज पंचाऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. बुडालेल्या गावातली खाचरांची, झऱ्यांची, पायवाटांची नावे त्यांना पाठ आहेत, आणि ती कोणत्याही नकाशावर नाहीत.